अक्काच्या हातची भवानी

निलव्वाअक्काचं नाव निघालं की माझे जुने खानावळसोबती हसायला लागतात. परवा एका लग्नात तिघं भेटले. पंगतीत मेथीची भाजी आली आणि एकजण म्हणाला, "मंगळवारचा पाला आठवतो का रे?" झालं. तिघंही पोट धरून हसले. वाढपी थांबून बघायला लागला. मला काही हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

या लोकांनी त्या बाईची गंमत करून टाकली आहे. एक खाष्ट म्हातारी, तिची बोली, तिच्या शिव्या आणि तिची ती दर मंगळवारची पंचमिसळ भाजी. अहो, अक्का गमतीदार नव्हती. अक्का चिडलेली होती. मी तिला ओळखत होतो तेवढी सगळी वर्षं ती चिडलेलीच होती, आणि तिच्या चिडण्याला कारण होतं. ते कारण या तिघांनी दर आठवड्याला ताटात घेऊन खाल्लंय आणि वर ढेकर दिलीय.

बाहत्तरचा दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची गोष्ट. मी माढ्याकडचा. सोलापुरात पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो आणि गिरणीच्या मागच्या एका बोळात खोली घेतली. बोळात दिवसभर हातमागांची खटखट चाले. त्या बोळाच्या तोंडाशीच अक्काची खानावळ होती. पाटी नाही, नाव नाही. एक लांबट खोली, भिंतीला टेकवून ठेवलेले पाट, आणि आत चुलीपुढे अक्का. भाकरी थापायला लागली की तो आवाज रस्त्यावर ऐकू येई. कडक ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, आमटी आणि एक भाजी. गिरणीतले कामगार, कॉलेजची दोन-तीन पोरं, कानडे मास्तर नावाचे एक प्राथमिक शिक्षक आणि मी, असे आम्ही तिथले कायमचे.

अक्का अक्कलकोटाकडची. काळी, उंच, हाडकुळी. हातात बांगडी नाही, गळ्यात लिंग आणि कपाळावर विभूतीचं पांढरं बोट. ऐन पंचविशीत नवरा गेलेला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. आम्हा सगळ्यांना ती 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. पण ते 'तम्मा' ऐकून कुणाला माया वाटत नसे. 'तम्मा' म्हणाली की पुढं काहीतरी बसणार, हे ठरलेलं.

ताटात टाकलेलं तिला चालत नसे. आता कुठल्याच खानावळवालीला ते आवडत नाही. पण अक्काची तऱ्हा वेगळी. ती अन्नाचं नाव घेऊन बोलायची नाही, माणसाचं नाव घेऊन बोलायची. वांग्याचे देठ कुणी बाजूला सारले की म्हणायची, "तम्मा, कुंभारीची काशीबाई हे डोक्यावर घिऊन चालत आली, ती तू उष्टं टाकावं म्हणून व्हय?" कोण कुठली काशीबाई, त्या पोराला काय माहीत. पण तो निमूट देठ चघळायचा. आम्हाला त्या बाजारातल्या निम्म्या बायांची नावं अशी न बघताच पाठ झाली होती.

आणि मंगळवारी ती प्रसिद्ध भाजी. मेथी, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, करडईचा पाला, त्यात चार गवारी, दोन वांगी, कुठूनतरी आलेला एक मुळा. सगळं एका पातेल्यात. दर मंगळवारी चव वेगळी, आणि दर मंगळवारी पोरं कुरकुरत. कॉलेजचा एकजण म्हणाला होता, अक्का, एक भाजी धड आणत जा की. अक्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि त्याची वाटी काठोकाठ भरली.

खानावळीत एक पद्धत होती. मंगळवारी पहाटे आमच्यापैकी एकानं पिशव्या धरायला तिच्याबरोबर बाजारात जायचं. पाळी लावलेली होती आणि सगळे टाळायचे. मी टाळत नसे, कारण माझी आई आमच्याकडच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची आणि मला त्या पहाटेच्या बाजाराची सवय होती. पहिल्यांदा गेलो तेव्हाच मला कळलं की आपण भाजी आणायला आलेलोच नाही.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, कारण हसणाऱ्यांना हेच ठाऊक नाही.

बाजारात दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचा पैसा बाई पाटीला टेकवते, मग कपाळाला लावते, मग कनवटीला खोचते. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं. पाठवलं तर दिवस वाया जातो अशी समजूत. त्यानं दर पाडून मागितला तरी बाई मुकाट्यानं देते. माझी आईही द्यायची. आमच्या गावच्या बाजारात ते चालून जाई, कारण पहिलं गिऱ्हाईक एक जुडी घेई आणि जाई.

सोलापुरात मात्र आडत्यांनी, म्हणजे भाजीच्या घाऊक दलालांनी, त्याचा फास केला होता. दिवस उगवायच्या आत त्यांची माणसं रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहत. बाई खेड्यावरून चालत आलेली, पाटी उतरवून घाम पुसते न पुसते तोवर हा पुढ्यात बसे. दर विचारी. निम्म्यानं मागे. एक जुडी नाही, सगळी पाटी. बाई का-कू करायला लागली की म्हणे, "भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवतीस व्हय मावशी? बघ बरं." बस्स. बाईचं तोंड बंद. दिवस वर यायच्या आत पाटी रिकामी, आणि तीच मेथी पलीकडच्या गाड्यावर दुपटीनं. शेतात राबली ही, आठवडाभर पाणी पाजलं हिनं, आणि हिच्याच देवभोळेपणाला धरून हिला नागवायची. हे आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

अक्काचंही फिरलं होतं, माझ्या आधी कितीतरी वर्षं. आणि तिनं त्यावर तोड काढली होती. ती त्या माणसांच्याही आधी बाजारात हजर असायची. रांगेच्या एका टोकापासून सुरू करायची आणि प्रत्येक पाटीपुढं थांबायची. बाई सांगेल तो दर, एक शब्द कमी न करता, आणि एकच जुडी. नाहीतर एकच वाटा. बाईनं पैसा कपाळाला लावला की अक्का पुढच्या पाटीकडं. भवानी झाली. आता आडत्याच्या माणसाला धाक घालायला काही उरलं नाही. आता तो नुसता गिऱ्हाईक. परवडलं तर दे, नाहीतर हाकल.

म्हणून ती पंचमिसळ भाजी. प्रत्येक पाटीतली एक जुडी. तो पाला नव्हता हो, ती सगळी रांग होती. आणि हे हसतात.

कानडे मास्तरांना हे कळल्यावर ते गहिवरले. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, अक्का, तुम्ही पुण्यवान, हे फार मोठं कार्य आहे. अक्काच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. म्हणाली, "कसलं कार्य, मास्तर? मारत्यानं सगळ्या पाट्या उचलल्या तर मला त्याच्या गाड्यावरनं दुपटीनं घ्यायला लागतंय. मग तुमाला भाकरीवर काय घालू, मीठ?" मास्तर खाली बघून जेवायला लागले. तिला चांगलं म्हटलेलं खपत नसे. त्यात तिला फसवणुकीचा वास यायचा.

हा मारत्या म्हणजे एका बड्या आडत्याचा माणूस. गोड बोलणारा, तोंडात सतत विडी, डोक्यावर टोपी नेहमी स्वच्छ. अक्काला तो वाकून नमस्कार करायचा. अक्का त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही.

पण तिचा राग काही एकट्या मारत्यावर नव्हता. एकदा कुठल्याशा साहेबाची बायको बाजारात आली होती. बरोबर शिपाई, शिपायाच्या हातात पिशवी. तिनं एका म्हातारीशी घासाघीस करून कोथिंबीर घेतली ती घेतलीच, वर चार मिरच्या उचलल्या, आल्याचा तुकडा उचलला, दोन लिंबं उचलली, आणि हसत हसत पिशवीत टाकली. वर थोडं घालायची रीत आहे, नाही असं नाही. पण ते विकणारीनं आपल्या हातानं घालायचं असतं. अक्का शेजारच्या पाटीपुढं उभी होती. ती सरळ गेली, शिपायाच्या पिशवीत हात घातला, मिरच्या काढल्या, आलं काढलं, दोन्ही लिंबं काढली आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवली. बाईसाहेब म्हणाल्या, अहो, हे काय. अक्का म्हणाली, "तुमच्या घरी म्या आले आणि चार चमचं उचलून कमरंला खोवलं, तर चालंल का?" शिपाई दुसरीकडं बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. हासुद्धा किस्सा त्या लग्नात हसत हसत सांगितला गेला. सांगणाऱ्यानं म्हातारी कशी थरथर कापत होती ते गाळलं.

आता त्या काशीबाईकडं येतो. कुंभारी गावची काशीबाई, जिच्या नावानं आम्ही वांग्याचे देठ चघळले ती. तिशीतली, ठेंगणी, कपाळभर कुंकू. रांगेत अक्काला सगळ्यांत जवळची तीच. अक्का तिच्याशी कानडीत बोलायची, आणि अख्ख्या बाजारात तिथंच काय ती अक्काच्या तोंडावर जराशी सैल रेघ दिसायची. काशीबाईची मेथी कोवळी असे आणि तिच्या जुड्या मोठ्या असत. अक्का तिला त्यावरूनही रागवायची. एवढी मोठी जुडी बांधतीस, डोकं हाय का न्हाई.

एका मंगळवारी आम्ही तिच्यापर्यंत पोचलो तर काशीबाईनं पाटीवर पटकूर ओढून घेतलं.

मला वाटलं ऊन लागू नये म्हणून. पण ऊन कुठं होतं? अजून फटफटलंही नव्हतं. अक्का नेहमीसारखी पैसे काढून उभी राहिली. काशीबाई खाली बघत म्हणाली, "अक्का, जरा थांबा. भवानी हू द्या आदी."

अक्काला कळलं नाही. म्हणजे कळायला वेळ लागला. अख्ख्या बाजारात ज्या बाईनं भवानी करायचाच उद्योग मांडला होता, तिला कुणीतरी म्हणत होतं की भवानी होऊ दे, मग ये. आणि मग शेजारच्या बाईनंही पटकूर ओढलं. त्याच्या पलीकडच्या बाईनंही.

हळूहळू उलगडा झाला. काशीबाईची गाभण म्हैस गाभडली आणि त्यातच मेली होती. नेमकी मागच्या मंगळवारी संध्याकाळी. मारत्याला ते कळलं, आणि त्यानं रांगेत फिरून बायांच्या कानात घातलं, की पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातची भवानी घेता, मग दुसरं काय होणार. आज म्हैस गेली, उद्या काय जाईल याचा नेम आहे का. एवढंच. इतकी वर्षं तिच्या हातचा पैसा त्यांनी कपाळाला लावला होता, तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता एका वाक्यात आलं.

मला वाटलं अक्का आता कुणाचं तरी डोकं फोडणार. तिनं तसं काही केलं नाही. ती काशीबाईच्या पाटीपुढं खाली बसली. मांडी घालून, धुळीत. म्हणाली, "मी काय हात लावत न्हाई तुझ्या पाटीला. हितं बसते. तुझी भवानी कोण करतंय ते बघते."

मारत्या आला. तो जवळपासच असणार. त्यानं अक्काला वाकून नमस्कार केला, तिला वळसा घातला आणि काशीबाईला दर विचारला. तिनं सांगितला. त्यानं निम्म्यानं मागितला, सगळ्या पाटीला. काशीबाईनं अक्काकडं बघितलं. दोन हातांच्या अंतरावर पुरा दर घेऊन एक बाई बसलेली, आणि समोर निम्मा दर घेऊन एक पुरुष उभा. काशीबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलंय. पण घरात पोरं होती, दुसरी म्हैस होती, नवरा होता. तिनं पाटी मारत्याला दिली.

अक्का उठली, लुगडं झटकलं आणि पुढं चालायला लागली. त्या दिवशी आम्ही जवळजवळ रिकाम्या पिशव्या घेऊन परतलो. वाटेत मीच तडतडत होतो. म्हटलं, अक्का, मरू द्या त्या बायांना, एवढं करून ही किंमत. ती गर्रकन वळली. "त्यांच्यावर का चिडतोस, तम्मा? त्यांचं काय चुकलं? म्हस मेली असती तुझी, तर तूबी भ्याला असतास." थोडं चालून म्हणाली, "पर म्या न्हाई सोडायची."

मी म्हटलं, मग पैसे माझ्याकडं द्या, मी करतो प्रत्येकीची भवानी. पुरुषाच्या हातची कुणी नाकारणार नाही. मला ती युक्ती फार नामी वाटली होती. अक्का थांबली. एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती. माझ्या हाताचा विटाळ तुझ्या हातानं धुऊ काय, असं काहीतरी ती कानडीत आणि मराठीत मिळून बोलली. आणि मग मराठीत स्वच्छ म्हणाली, "तुझ्या आड लपले तर मारत्या खरा झाला की."

त्या दिवसापासून ती दर मंगळवारी प्रत्येक पाटीपुढं उभी राहून मोठ्यानं विचारायची, "माझ्या हातची चालती का?" सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. कुणी व्हय म्हणालं तर घ्यायची. कुणी पटकूर ओढलं तर पुढं जायची. व्हय म्हणणाऱ्या दोघी-तिघीच, त्याही म्हाताऱ्या, स्वतः पांढऱ्या कपाळाच्या. बाकी सगळी रांग मारत्याच्या घशात. दर आठवड्याला ती हा अपमान स्वतःच्या पायानं चालत जाऊन घ्यायची. मंगळवारची भाजी आता दोनच पाल्यांची होत होती, आणि खानावळीतली पोरं खूश होती. काय बोलायचं यांना.

काशीबाईपुढंही ती थांबायची. प्रत्येक वेळी. तोच प्रश्न, तोच आवाज. काशीबाई प्रत्येक वेळी मान खाली घालायची.

मग पुढच्या उन्हाळ्यात काशीबाई दिसेनाशी झाली. कुंभारीहून येणाऱ्या दुसऱ्या बाईनं सांगितलं, विहीर खोल करताना दरड कोसळली आणि तिचा नवरा खाली सापडला. अक्कानं ऐकून घेतलं. त्या दिवशी तिनं भाकऱ्या करपवल्या, आणि आम्ही त्या तशाच खाल्ल्या.

दिवसकार्य उरकल्यावर ती परत आली. येणारच, दुसरं काय करणार होती. पण रांगेत तिच्या नेहमीच्या जागी नाही, पार टोकाला, जिथं बैलगाड्या सोडतात तिथं, एकटी. तिच्या शेजारच्या बायांनी आपल्या पाट्या सरकवून मधली जागा भरून टाकली होती. सकाळी सकाळी तिचं तोंड बघायला लागू नये म्हणून. या त्याच बाया, ज्यांच्याबरोबर ती पहाटेचं चालत यायची. कपाळ पुसलेलं, डोकीवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, पुढ्यात मेथी.

आम्ही रांगेच्या दुसऱ्या टोकाला होतो. अक्काचं ते विचारणं चाललं होतं. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. मारत्या काशीबाईपुढं उकिडवा बसला होता.

अक्का मधली सगळी रांग सोडून तिकडं निघाली. मी मागं पिशव्या घेऊन. पोचलो तेव्हा मारत्या गोड आवाजात म्हणत होता, की मावशी, आता तुझ्याकडं सकाळच्या पारी कोण येणार, मीच घेतो सगळी, पण दर मी म्हणेन तो. आणि त्यानं जो दर सांगितला तो पूर्वीच्याही निम्मा होता. काशीबाईनं मान हलवायला सुरुवात केली होती.

अक्का म्हणाली, "मारत्या."

इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. तो उठून उभा राहिला, नमस्कार करायला वाकला.

"माझ्या हातचा पैका अपशकुनी," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आणि हिच्या हातची मेथी चालती व्हय रे तुला? हिचंबी कपाळ माझ्यासारकंच की आता. भवानीला पांढरं कपाळ नको, आणि लुबाडायला पाहिजे?"

लोक गोळा झाले. मारत्या गडबडला. असल्या वेळी माणसानं गप्प बसावं, पण गोड बोलणाऱ्यांना गप्प बसता येत नाही. तो हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या की अक्का. धंद्यात असलं काय कोण बगत न्हाई."

अक्कानं त्याच्याकडं पाठ केली आणि रांगेकडं तोंड केलं. आता मात्र ती ओरडली. भाकरी थापून थापून घट्ट झालेल्या छातीतून, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

"ऐकलं का गं बायांनो? धंद्यात असलं कोण बगत न्हाई म्हनं. ह्यो बगत न्हाई. तुमीच बगायचं. तुमीच पटकूर वडायचं, आणि ह्येनं पाटी उचलायची."

एक बैल मान हलवत होता, त्याच्या घुंगरांचा तेवढा आवाज. मग अक्का काशीबाईपुढं आली, उभ्यानंच, आणि तेच विचारलं जे ती दर मंगळवारी विचारत होती. "माझ्या हातची चालती का?"

काशीबाई रडायला लागली. काहीतरी बोलू बघत होती, म्हैस म्हणत होती, पोरं म्हणत होती, मला क्षमा करा म्हणत होती. अक्कानं ते ऐकूनच घेतलं नाही. "गप," म्हणाली. "रडाया घरी जा. दर काय?"

काशीबाईनं दर सांगितला. पुरा. अक्कानं पैसे तिच्या हातावर ठेवले. काशीबाईनं ते पाटीला टेकवले आणि मग कपाळाला लावले, जिथं पूर्वी कुंकू असायचं तिथं. आणि हात तसाच कपाळावर धरून बसली. अक्कानं स्वतःच वाकून एक जुडी उचलली. उचलताना म्हणाली, "किती मोठी बांदलीस. डोकं हाय का न्हाई?"

मारत्या तिथून कधी गेला ते मी बघितलं नाही. मी त्या जुडीकडं बघत होतो.

आता कुणाला वाटेल की त्या दिवसापासून सगळं झकास झालं. तसं काही होत नसतं. पुढच्या मंगळवारीही निम्म्या बायांनी पटकूर ओढलंच. पण काशीबाई आपल्या जुन्या जागी येऊन बसली होती, आणि ती ओढणाऱ्यांना तोंडावर बोलत होती. तिची जीभ एवढी चालते हे कुणाला माहीत नव्हतं. कुणाचं पटकूर त्या आठवड्यात निघालं, कुणाचं दिवाळीनंतर. एकीनं तर शेवटपर्यंत काढलं नाही, आणि अक्का तिच्याहीपुढं दर वेळी थांबून विचारत राहिली. तिला त्या एका पाटीचाही राग सोडायचा नव्हता.

माझी बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी नेमका मंगळवार होता. पाळी माझी नव्हती, पण मी पिशव्या घेऊन दारात उभा राहिलो. अक्कानं बघितलं आणि आणखी एक पिशवी माझ्या हातात दिली.

थंडीचे दिवस होते. बाया डोक्यावरून घोंगडी घेऊन बसल्या होत्या, त्या एकीची सोडून सगळ्या पाट्या उघड्या. अक्का एका टोकानं निघाली. दर विचारायचा, पैसे ठेवायचे, जुडी उचलायची, माझ्या पिशवीत टाकायची. मेथी, चाकवत, अंबाडी, पोकळा, करडई. पिशवी जड होत चालली. आणि मागं वळून बघितलं तर मारत्या येत होता, त्याच स्वच्छ टोपीत, विडी ओढत, आमच्या पाठोपाठ. अक्का एका पाटीपुढं थांबली की तोही चार पावलं मागं थांबायचा. कारण अक्काची भवानी झाल्याशिवाय आता त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मला वाटतं मी आयुष्यात इतकं समाधानानं कुणाला ताटकळताना बघितलं नाही.

शेवटची पाटी झाली. त्या बाईनं पैसा कपाळाला लावला. अक्कानं पदर खोचला, माझ्या हातातली एक पिशवी आपल्याकडं घेतली आणि निघता निघता मारत्याकडं बघितलं.

"हं," ती म्हणाली. "आता इचार दर."